सुपरचार्ज्ड ट्रकला गेज बसवताना: आधी सेन्सरची जागा, मग डायल

गेजचा खोका उघडला की बहुतेक जण दोन-दोन संध्याकाळी डायल कुठे शोभून दिसेल यातच घालवतात, आणि सेन्सर मात्र हाताला येईल त्या भोकात पिळून मोकळे होतात. नेमकं उलट करा. डायल कुठेही बसवला तरी आकडा तोच दाखवतो. सेन्सरची जागा चुकली तर तो आकडाच खोटा असतो, आणि खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून सुपरचार्ज्ड इंजिनचे पिस्टन वितळलेले मी पाहिले आहेत.

हे सगळं पेट्रोलवर चालणाऱ्या व्ही-८ पिकअप ट्रकबद्दल आहे, इंजिनच्या डोक्यावर रूट्स किंवा ट्विन-स्क्रू ब्लोअर (फिरत्या रोटरने इंजिनात दाबाने हवा भरणारा सुपरचार्जर) असलेल्या. हत्यारं हाताशी आहेत, ट्रक स्टँडवर पक्का उभा आहे, इंजिन थंड आहे आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली आहे, असं धरून पुढे जातो.

कोणते गेज, आणि कोणत्या क्रमाने

आधी वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा. मग ऑइल प्रेशर. मग बूस्ट, म्हणजे ब्लोअरने वाढवलेला हवेचा दाब. लोक बूस्टपासून सुरुवात करतात, कारण तो काटा वर जाताना बघायला मजा येते. पण बूस्ट ठरतो मुख्यतः पुलीच्या मापावर. तुमचा ब्लोअर ८ पीएसआय (दाबाचं माप) देत असेल तर फ्युएल पंप दमला तरी बूस्टचा काटा ८ वरच राहील. पेट्रोल कमी पडतंय हे त्याला कधीच कळणार नाही. ते कळतं वाइडबँडला.

ऑइल प्रेशरचा वेगळा गेज कशाला, कंपनीचा आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: अनेक पिकअपमध्ये कंपनीच्या त्या काट्यामागे मोजणारा सेन्सर नसून फक्त एक स्विच असतो. प्रेशर अगदी तळाला जाईपर्यंत काटा मधोमध उभा राहतो. पाण्याच्या तापमानाचा काटाही बहुतेक गाड्यांत मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो.

डायल बसवायला फार वेळ लागत नाही. खिडकीजवळच्या खांबावर पॉड, म्हणजे डायल बसवायची डबी, लावणार असाल तर त्याच्या आत पडद्यासारखी एअरबॅग आहे का ते आधी बघा. असेल तर तिथे स्क्रूही नको आणि वायरही नको. पॉड डॅशबोर्डवर किंवा स्टीअरिंग कॉलमजवळ लावा.

वायरिंग

चावी फिरवल्यावर करंट येणारी जागा फ्यूज बॉक्समध्ये शोधा, फ्यूज टॅप लावा, प्रत्येक गेजच्या कागदावर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रॉमेट हवाच. उघड्या पत्र्यावर घासून वायर कापली जायला एक पावसाळाही लागत नाही.

अर्थिंग मात्र घाईत उरकू नका. सगळ्या गेजची अर्थ एकाच बोल्टवर घ्या, खालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा. वाइडबँडचा सिग्नल ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) किंवा लॉगरला (आकडे नोंदवणाऱ्या यंत्राला) देणार असाल तर त्याची अर्थ त्याच ठिकाणी जोडा जिथे ईसीयूची आहे. दोन अर्थमध्ये ०.१ व्होल्टचा फरक असला, आणि ० ते ५ व्होल्ट म्हणजे हवा-पेट्रोलचं १० ते २० असं प्रमाण असलं, तर लॉगमध्ये ०.२ ची चूक येते. डायल एक म्हणतो, लॉग दुसरं म्हणतो, आणि तुम्ही ट्यूनरशी, म्हणजे ईसीयूची सेटिंग करणाऱ्याशी, भांडत बसता.

ऑइल प्रेशर

कंपनीच्या सेंडरच्या (दाब ओळखणाऱ्या भागाच्या) जागी पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावायची आणि तिच्यावर नवा जड सेंडर लटकवायचा, हा सल्ला जो देतो त्याचं ऐकू नका. इंजिनच्या थरथरीने पितळ आट्यांपाशी तडकतं, आणि तडकतं ते रस्त्यावर, भर वेगात. मग काही मिनिटांत ऑइल रिकामं. त्याऐवजी ब्लॉकमधून छोटा जाळीदार होज बाहेर काढा आणि सेंडर बॉडीवर क्लॅम्पने पक्का करा. एका वायरचा सेंडर असेल तर त्याला अर्थ आट्यांमधूनच मिळते, म्हणून होजवर लावल्यावर त्याच्या अंगाला वेगळी अर्थ वायर द्यावी लागते. तो थेट ब्लॉकमध्ये बसवणार असाल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका.

आटे जुळतात का ते हाताने फिरवून बघा. १/८ एनपीटीला (अमेरिकन पाइपचे आटे) इंचाला २७ आटे असतात, १/८ बीएसपीटीला (ब्रिटिश) २८. दोन वेढे अगदी सुरळीत जातात, मग अडकतं. तिथे पाना लावून जोर केला की आटे गेले.

आणि गरम ऑइलची नळी थेट केबिनमध्ये आणणारा जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल गेज घेऊच नका. ती नळी फुटली तर ऑइल मांडीवर येतं.

बूस्ट

रूट्स आणि ट्विन-स्क्रू ब्लोअरमध्ये थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी असते. थ्रॉटल आणि रोटर यांच्यामधल्या पोकळीत कधीच बूस्ट नसतो. हलक्या पायाला तिथे व्हॅक्यूम असतो आणि फुल थ्रॉटलला जवळपास बाहेरच्या हवेइतकाच दाब. बूस्ट तयार होतो रोटरच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये. त्यामुळे सिग्नलची नळी रोटरच्या खालूनच घ्यायची. बायपास व्हॉल्व्हच्या डबीकडे जाणारी नळी हाताशी असते म्हणून लोक तिच्यात टी घालतात. पण ती बहुतेकदा वरच्या पोकळीतून आलेली असते. मग गेज शून्याच्या वर सरकत नाही, आणि पट्टा घसरतोय असं समजून लोक पट्टा आणि टेन्शनर बदलतात. ब्रेक बूस्टरच्या नळीला तर हातही लावू नका.

जागा बरोबर असेल तर आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, साधारण १५ ते २० इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम दिसेल आणि पाय दाबल्यावर काटा शून्य ओलांडून वर जाईल. नळी हेडरपासून (इंजिनमधून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांपासून) लांब ठेवा, दोन्ही टोकांना क्लिप लावा.

वाइडबँड: इथे घाई नको

माझे दोन सेन्सर आणि एक पूर्ण महिना या टप्प्यात वाया गेला आहे, म्हणून इथे तपशिलात सांगतो.

पहिल्या वेळी मी सायलेन्सर पाइपच्या खालच्या अंगाला भोक पाडलं, कारण तिथे ड्रिल सरळ धरता येत होतं. तिसऱ्या आठवड्यात गेजवर एरर. सेन्सर काढला तर जाळीच्या आतलं सिरॅमिक तडकलेलं. कारण साधं आहे. बॉशचा एलएसयू ४.९ हा सेन्सर काम करताना आतून ७८० अंश सेल्सिअसला तापवलेला असतो. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पाइपमध्ये वाफेचं पाणी होतं आणि ते तळाशी साचतं. त्याचा एक थेंब त्या तापलेल्या सिरॅमिकवर पडला की काम संपलं. म्हणून सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागातच हवा: पाइपचा छेद घड्याळासारखा डोळ्यांपुढे आणा आणि १० ते २ च्या दरम्यान जागा धरा. ड्रिल तिथे पोहोचत नसेल तर पाइप खाली उतरवा. खाली उतरवायचा कंटाळा येतोच, पण नवा सेन्सर घेण्यापेक्षा तो परवडतो.

लांबी किती? सिलिंडर हेडपासून साधारण ६० सेंटिमीटर, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. हेडरला चिकटून बसवला तर सेन्सर भाजतो. या सेन्सरला सततचा एक्झॉस्ट ९३० अंशांपर्यंतच झेपतो आणि बूस्टखाली ओढणारं इंजिन तिथवर सहज पोहोचतं. कन्व्हर्टरच्या मागे लावला तर तो जे मोजतो ते इंजिनमधून निघालेलं प्रमाण राहत नाही. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच भोकात वाइडबँड बसवू नका. ईसीयूला त्याची गरज असते.

बंग, म्हणजे आतून १८ × १.५ आटे असलेली कडी, वेल्ड करताना तिच्यात जुना सेन्सर किंवा प्लग फिरवून ठेवा, म्हणजे उष्णतेने आटे वाकडे होत नाहीत. नवा सेन्सर मात्र वेल्डिंगच्या वेळी आसपासही नको. शक्य असेल तर दोन्ही बाजूंच्या पाइपला एकेक बंग लावून घ्या आणि एकीत प्लग घाला. व्ही-८ चा सेन्सर एकाच बाजूचे चार सिलिंडर बघतो. दुसऱ्या बाजूचा एखादा इंजेक्टर तुंबला असेल तर सेन्सर तिकडे हलवल्याशिवाय ते दिसत नाही. सेन्सर ४० ते ६० न्यूटन-मीटरने आवळा.

आता दुसरी चूक, जिने महिना खाल्ला. या वेळी सेन्सर वर, बरोबर जागी. इंजिन सुरू केलं, आयडलला गेज म्हणतोय १६.५ (समतोल १४.७ ला असतो). म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी. मी ट्यूनमध्ये पेट्रोल वाढवलं. आकडा थोडा खाली आला, म्हणून अजून वाढवलं. आठवड्याभराने स्पार्क प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट, आणि डिपस्टिकच्या ऑइलला पेट्रोलचा वास. इंजिन रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. गेज लीन म्हणत होता.

हेडर जिथे हेडला बसतो तिथला एक नट सैल होता. गॅस्केटच्या कडेला बोटभर लांबीची काळी रेघ उमटली होती, टॉर्च मारल्यावरच दिसली. एक्झॉस्ट ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपमधला दाब क्षणभर बाहेरपेक्षा कमी होतो, आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो. तो फटीतून आला की सिलिंडरमधून, हे त्याला कळत नाही. मला खरी खूण तेव्हाच ओळखता यायला हवी होती: आयडलला आकडा लीन आणि फुल थ्रॉटलला मात्र ठीक. लोड वाढला की आतला दाब इतका वाढतो की हवा आत येण्याऐवजी एक्झॉस्टच बाहेर जातो. अशी जोडी दिसली तर ट्यूनला हात लावू नका, आधी गळती शोधा.

शोधायची रीत अशी: इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनर उलट, म्हणजे हवा फेकणाऱ्या बाजूने, सायलेन्सरच्या तोंडाला कापडाने घट्ट बांधा आणि सेन्सरच्या आधीच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. फेस आला तिथे फट. हे मी आता सेन्सर बसवायच्या आधी करतो, नंतर नाही. फट बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर मरतो. मिसफायर होणारा सिलिंडरसुद्धा गेजला लीन भासतो, कारण न जळलेला ऑक्सिजन पुढे येतो. प्लग आणि कॉइल ठीक आहेत याची खात्री आधीच करा.

आणि सेन्सर पाइपमध्ये आहे पण त्याला करंट नाही, अशा अवस्थेत इंजिन चालवू नका, पाच मिनिटंसुद्धा. थंड सेन्सरवर काजळी बसते ती जळून जात नाही. डायल यायला उशीर असेल तर भोकात प्लग घाला.

पहिली चक्कर

बॅटरी जोडा, चावी फिरवा, ऑइल प्रेशर वर येतंय हे बघूनच पुढे जा. इंजिन गरम झालं की वाइडबँड १४.७ च्या आसपास मागेपुढे हलत राहील. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर त्याचा खरा समतोल १४.१ ला असतो, पण पेट्रोलच्या मापावर लावलेला डायल तरीही १४.७ च दाखवतो. या घोळापेक्षा गेज लॅम्डावर (प्रत्यक्ष प्रमाण भागिले समतोलाचं प्रमाण) ठेवा, तिथे समतोल नेहमी १.

पाय पूर्ण उचलल्यावर काटा लीनच्या टोकाला जाईल. तेव्हा ईसीयू पेट्रोल बंद करतो, बिघाड नाही. फुल बूस्टला ११.५ ते १२ हवं, लॅम्डामध्ये साधारण ०.७८ ते ०.८२. बूस्ट असताना आकडा १२.५ च्या वर चढताना दिसला तर त्याच क्षणी पाय उचला. आणखी एकदा दाबून बघू नका. फ्युएल प्रेशर तपासा.

पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर इंजिन थंड होऊ द्या, बंग आणि हेडरचे नट पुन्हा आवळा, आणि ऑइलच्या होजच्या दोन्ही टोकांना कोरड्या कापडाने पुसून कापड उजेडात बघा.