ट्रामच्या जनसुनावणीला जाण्याआधी अहवालातली कोणती पानं उघडायची

शहरात ट्राम आणायचा प्रस्ताव आला की पंधरवड्यात दोन तट पडतात. एक तट चित्रांतल्या चकचकीत गाडीवर भाळलेला, दुसरा 'एवढ्या पैशांत किती बस येतील' हे विचारणारा. दोघंही ट्राम हवी की नको यावर तावातावाने बोलतात आणि ती कोणत्या अटींवर येते आहे, हे पान कुणी उघडतच नाही. खरं तर मार्ग चालेल की रखडेल हे तीन गोष्टींवर ठरतं: ट्रामला स्वतःची मार्गिका (इतर वाहनांना मज्जाव असलेला पट्टा) आहे का, रस्त्याखालच्या पाणी, सांडपाणी, वीज, गॅस वगैरेंच्या वाहिन्या हलवण्याचा खर्च कुणाच्या माथी आहे, आणि उद्घाटनानंतर गाडी चालवण्याचा पैसा कुठून येणार आहे. तुम्ही बाजूने असा की विरोधात, तयारी याच तीन गोष्टींची करायची.

कागद

सुनावणीच्या निदान तीन आठवडे आधी लेखी अर्ज करा. रंगीत माहितीपत्रक हातात ठेवून बोळवण होते, ती करून घेऊ नका. मागायचं ते असं: परिशिष्टांसह सविस्तर प्रकल्प अहवाल, मार्गाचे नकाशे आणि रस्त्याचे आडवे छेद (रस्त्याच्या रुंदीत कुठे काय बसतं ते दाखवणारी चित्रं), गाड्यांच्या फेऱ्यांचं नियोजन, खर्चाचा बाबवार तक्ता, भूमिगत वाहिन्यांचं सर्वेक्षण, आणि सभेपुढे येणाऱ्या ठरावाचा शब्दशः मसुदा. वेळ कमी असेल तर शेवटचे तीन आधी वाचा. प्रास्ताविकाचं प्रकरण सोडून दिलं तरी काही बिघडत नाही.

खर्चाच्या तक्त्यात पहिल्यांदा किंमत कोणत्या वर्षाची आहे ते बघा. आजच्या भावाने १०० चा आकडा सहा वर्षांनी, वर्षाला ५ टक्के भाववाढ धरली, तर १३४ होतो. एका बाजूने आजचा आणि दुसऱ्या बाजूने काम संपेल त्या वर्षाचा आकडा घेऊन भांडण चाललेलं असतं, आणि दोन्ही आकडे खरे असतात. नंतर 'आकस्मिक खर्च' ही ओळ शोधा. आराखडा अजून कच्चा असताना तिथे ३० टक्क्यांच्या आसपास तरतूद हवी. १० टक्के दिसली तर आकडा मंजुरी मिळावी म्हणून बसवलेला आहे असं धरून चाला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००२ साली २५८ वाहतूक प्रकल्प तपासले, त्यांत रेल्वे प्रकारातल्या प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ४५ टक्क्यांनी वाढलेला निघाला.

वेग: कागदावर करून बघायचं गणित

फेऱ्यांच्या नियोजनात 'सरासरी व्यावसायिक वेग' असा एक आकडा असतो. थांबे आणि सिग्नल धरून गाडी ताशी किती किलोमीटर सरकते, तो हा आकडा. इतर वाहनांच्या गर्दीतून जाणाऱ्या ट्रामचा हा वेग १२ च्या घरात असतो. स्वतःची मार्गिका आणि सिग्नलवर खरं प्राधान्य (ट्राम आली की तिला आधी हिरवा) मिळालं तर २० पर्यंत जातो.

समजा मार्ग ६ किलोमीटरचा आहे आणि दर १० मिनिटांना गाडी हवी आहे. वेग १२ असेल तर जायला ३० मिनिटं, यायला ३०, दोन्ही टोकांना परतायला आणि चालकाच्या विश्रांतीला मिळून १२. एक फेरी ७२ मिनिटांची. ७२ ला १० ने भागलं की ७.२, म्हणजे रस्त्यावर ८ गाड्या. दुरुस्तीसाठी राखीव दोन धरा, एकूण १०. आता वेग २० करा. जायला १८, यायला १८, टोकांचे १२, एकूण ४८. रस्त्यावर ५, राखीव १, एकूण ६. म्हणजे मार्गिका न दिल्याची किंमत चार जास्तीच्या गाड्या, शिवाय दिवसभर तीन गाड्यांचे जास्तीचे चालक, तेही दरवर्षी. मार्गिकेसाठी पार्किंग काढायला कचरणारे नगरसेवक हा खर्च कधीच मोजत नाहीत.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा याहून वाईट होतं. अहवालात वेग २० धरून ६ गाड्या मागवल्या जातात, मग सभेत व्यापाऱ्यांच्या दबावाखाली मार्गिका वगळली जाते आणि गाड्यांची संख्या मात्र तशीच राहते. पाच गाड्या ७२ मिनिटांच्या फेरीत वाटल्या की दर १० मिनिटांऐवजी जवळपास १५ मिनिटांनी ट्राम येते. प्रवासी कंटाळतात, आणि विरोधकांचं भाकीत खरं ठरल्यासारखं दिसतं.

म्हणून आडव्या छेदाचं प्रत्येक पान बघा. गाडीची रुंदी साधारण २.४ ते २.६५ मीटर असते आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून मार्गिका निदान ३.२ मीटर लागते. शेजारी पार्किंग दाखवलं असेल तर तिथे लाल पेन चालवा. ट्रामला बाजूने वळसा घालता येत नाही, त्यामुळे अर्धा फूट बाहेर आलेला आरसाही अख्खा मार्ग थांबवतो. वॉशिंग्टनच्या एच स्ट्रीटवर चाचण्यांच्या काळातच ट्राम उभ्या गाड्यांना घासल्या होत्या. तो मार्ग शेवटी २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. 'सिग्नल प्राधान्य प्रस्तावित' असे शब्द दिसले तर खर्चाच्या तक्त्यात त्याची ओळ आहे का ते पडताळा. ओळ नसेल तर प्राधान्यही नसणार.

रस्त्याखालचं

या भागावर सभागृहात सगळ्यात कमी चर्चा होते, आणि बुडण्याचा धोका सगळ्यात जास्त इथेच. रुळांखालून पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी जात असेल तर पुढे ती फुटली की दुरुस्तीसाठी ट्राम बंद ठेवावी लागते. म्हणून रूळ टाकण्याआधी वाहिन्या बाजूला घेतात. कुठे काय पुरलं आहे हे मात्र बऱ्याच शहरांना नीट ठाऊक नसतं.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचं उदाहरण इथे कामाचं आहे. २००८ साली बांधकामाचा करार झाला तेव्हा आराखडे अपुरे होते आणि वाहिन्यांचं काम मागे पडलेलं होतं. कागदावर नसलेल्या वाहिन्या आणि जुनी बांधकामं खोदताना सापडत गेली, ठेकेदाराशी वाद पेटला, मार्ग छाटावा लागला. ५४.५ कोटी पौंडांची तरतूद असलेलं काम ७७.६ कोटींवर गेलं आणि ट्राम धावली ती २०१४ च्या मे महिन्यात. चौकशीचा अहवाल यायला २०२३ साल उजाडलं.

सर्वेक्षणाचा दर्जा सांगण्याची अमेरिकेत एक सोपी प्रतवारी आहे, ती कुठेही वापरता येते. ड म्हणजे फक्त जुने नकाशे, क म्हणजे त्यांना जमिनीवर दिसणाऱ्या झाकणांची आणि व्हॉल्व्हची जोड, ब म्हणजे भूगर्भ-रडारसारख्या उपकरणांनी घेतलेला माग, अ म्हणजे चाचणी खड्डा खणून प्रत्यक्ष मोजलेली वाहिनी. विचारायचं एवढंच: मार्गाच्या किती लांबीचं सर्वेक्षण ब दर्जाचं आहे, आणि मोठ्या चौकांत किती चाचणी खड्डे घेतले? उत्तर 'ड' असेल तर वाहिन्यांच्या ओळीतला आकडा नुसता अंदाज आहे, मग तो दोन दशांश स्थळांपर्यंत का दिलेला असेना.

पैसे कोण भरणार, हा पुढचा मुद्दा. वीज, गॅस आणि दूरसंचार कंपन्यांशी शहराचे जुने करार असतात. रस्त्याच्या कामासाठी वाहिनी हलवायची तर खर्च कंपनीचा, असं त्यांत बहुधा लिहिलेलं असतं. मग ट्राम हे रस्त्याचं काम की शहराचा स्वतंत्र व्यवसाय, यावर वकील उभे राहतात. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात असाच वाद न्यायालयापर्यंत गेला. ठरावाआधी लेखी करार आहे का, हे विचारा. 'चर्चा सुरू आहे' हे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

विरोधकांपुढे आणि समर्थकांपुढे ठेवता येईल असा एक मधला मार्ग आहे: उथळ स्लॅब. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २००१ साली सुरू केलेल्या मार्गासाठी सुमारे ८ फूट रुंद आणि १२ इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा टाकला, त्यामुळे खोदाई उथळ राहिली आणि पुष्कळ वाहिन्या जागच्या जागी राहिल्या. पण तो सगळीकडे चालत नाही. स्लॅबच्या बरोबर खाली जुनी, गंजकी पाण्याची वाहिनी असेल तर ती आत्ताच बदललेली बरी. शिवाय रुळांतून परतणारा वीजप्रवाह जमिनीत झिरपला की शेजारच्या धातूच्या वाहिन्या कुरतडल्या जातात. म्हणून रुळांना रबराचं आवरण हवं, आणि तेही खर्चाच्या तक्त्यात दिसायला हवं.

चालवण्याचा पैसा

बांधायला वरच्या सरकारचं अनुदान मिळतं, चालवायला सहसा मिळत नाही. त्यामुळे 'बाहेरचा पैसा येतोय, सोडायचा कशाला' हा युक्तिवाद आला की पहिल्या दहा वर्षांचा चालवण्याचा तक्ता मागा: वर्षाचा खर्च, तिकिटाचं उत्पन्न, आणि उरलेली तूट कुठल्या लेखाशीर्षातून भरणार. तूट असणं हे पाप नाही, बसलाही असते. तूट कुणाची हे लिहिलेलं नसणं, हा खरा दोष.

अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटीने मार्गालगतचा विशेष कर-विभाग आखला, तिथली विक्री आणि मालमत्ता यांवर जादा आकारणी बसवली आणि २०१६ पासून ट्राम मोफत ठेवली. लाभ ज्या पट्ट्याला, भारही बराचसा त्याच पट्ट्यावर. यात भाडेकरूंचा प्रश्न उरतो, कारण मालक आकारणी भाड्यात मिसळतो. तो मुद्दा समर्थकांनी स्वतःहून मांडावा, दुसऱ्याने उकरण्याची वाट बघू नये. अटलांटात आधी मोफत असलेल्या ट्रामला २०१६ मध्ये तिकीट लावल्यावर प्रवासी चांगलेच घटले. म्हणून प्रवासीसंख्येचा अंदाज मोफत गृहीत धरून काढला आहे की तिकीट धरून, हे विचारा.

अंदाज तपासायला एक झटपट भागाकार पुरतो. २० मीटरच्या गाडीत उभे-बसलेले मिळून साधारण १२० जण मावतात. तासाला सहा गाड्या म्हणजे एका दिशेने ७२० जण. अहवालातला गर्दीच्या तासाचा आकडा याहून मोठा असेल तर कुठेतरी चूक आहे. फारच लहान, म्हणजे दोन-अडीचशे असेल, तर जोडबसनेही (दोन डबे जोडलेल्या लांब बसनेही) भागलं असतं, आणि मग ट्रामचं समर्थन वाहतुकीवर नाही तर जमीनविकासावर उभं आहे. तसं असायला हरकत नाही, पण मग ते उघड म्हणावं.

तीन मिनिटांत बोलायचं ते

बहुतेक सभांत एका नागरिकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. सावकाश बोललात तर तेवढ्यात तीनशे-साडेतीनशे शब्द होतात. पहिल्या दोन वाक्यांत तुमची मागणी सांगा, कारणं त्यानंतर. सगळे आक्षेप एकदम ओतलेत तर अधिकारी त्यांतल्या सगळ्यात कच्च्या आक्षेपाला उत्तर देतो आणि बाकीचे वाहून जातात. एकच मुद्दा घ्या, पान क्रमांक द्या, आणि दुरुस्तीचा मसुदा छापून सगळ्या सदस्यांना वाटा. उदाहरणार्थ:

'ठरावाच्या परिच्छेद ४ मध्ये पुढील भर घालावी: मार्गाच्या किमान ७० टक्के लांबीत ट्रामसाठी स्वतंत्र मार्गिका दाखवणारे अंतिम आडवे छेद, आणि सर्व मोठ्या चौकांतील चाचणी खड्ड्यांचा अहवाल सभेपुढे आल्याशिवाय बांधकामाची निविदा काढू नये.'

अशी दुरुस्ती विरोधकालाही उचलता येते आणि समर्थकालाही, त्यामुळे तिला अनुमोदक सापडतो. 'प्रकल्प रद्द करा' या मागणीला मोजकीच डोकी मिळतात. सायकलस्वारांच्या संघटनेला आधीच गाठा. रुळाच्या खाचेत चाक अडकू नये म्हणून रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडावे लागतात, त्यामुळे वळणांच्या नकाशांवर त्यांचं म्हणणं ठोस असतं आणि सभागृहात ऐकलंही जातं.

मध्येच रद्द करायची वेळ आली तर

करार व्हायच्या आधी थांबणं तुलनेने स्वस्त पडतं. अमेरिकेतल्या आर्लिंग्टनच्या मंडळाने कोलंबिया पाइक या रस्त्यावरची ट्रामची योजना २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सोडली तेव्हा बांधकाम सुरू झालेलं नव्हतं. सिनसिनाटीत उलट झालं. विरोधक महापौर निवडून आले, डिसेंबर २०१३ मध्ये चालू काम थांबवलं गेलं, आणि रद्द करायला काय पडेल याचा लेखापरीक्षकांकडून हिशेब काढल्यावर परिषदेने ६ विरुद्ध ३ मतांनी काम पुन्हा सुरू केलं. मागे ओढलं जाऊ शकणारं केंद्रीय अनुदान साडेचार कोटी डॉलरच्या आसपास होतं.

तुम्हालाही तसाच दोन रकान्यांचा तक्ता लागेल. एका रकान्यात पूर्ण करायला उरलेला खर्च, वजा अजून यायचं अनुदान. दुसऱ्यात ठेकेदाराचे दावे, रस्ता पूर्ववत करायचा खर्च, परत करावं लागणारं अनुदान आणि मागवलेल्या गाड्यांचं नुकसान. आजवर खर्च झालेला पैसा कुठल्याच रकान्यात येत नाही, तो दोन्हीकडे गेलेलाच आहे. पूर्ण करण्याच्या रकान्याखाली मात्र चालवण्याची वार्षिक तूट जोडा, नाहीतर 'आता पूर्णच करू' हे उत्तर नेहमीच जिंकतं.

सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागा आणि तुमच्या दुरुस्तीचे शब्द ताडून बघा. 'आल्याशिवाय निविदा काढू नये' याचं 'आणण्याचा प्रयत्न करावा' असं झालेलं असेल, तर पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होण्याआधी लेखी हरकत द्या. कायम झाल्यावर ते बदलून घेणं फार जड जातं.