९० बेसचा ओलिगो अडला होता छिद्रात

९० बेसचा डीएनए ओलिगो (एकेक बेस जोडून बनवलेली छोटी डीएनए साखळी) करायला घेतला की साठाव्या बेसच्या आसपास ट्रायटिलचा नारिंगी रंग फिका पडायचा. (ट्रायटिल हा दर फेरीत सुटणारा संरक्षक गट; त्याच्या रंगावरून जोडणी किती झाली ते कळतं.) साखळ्या लांबीनुसार वेगळ्या करणाऱ्या जेलवर मुख्य पट्टा पुसट, खाली तुटक्या साखळ्यांची लांब शेपूट. आधी संशय पावसाळ्यावर गेला. फॉस्फोरामिडाइटला, म्हणजे बेस जोडायला वापरतात त्या रसायनाला, ओलावा अजिबात खपत नाही. ॲसिटोनायट्राइल या द्रावकात ३ अँगस्ट्रॉमचे (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) ताजे मॉलिक्युलर सिव्ह, म्हणजे पाणी शोषणारे दाणे, टाकले. थोडा फरक पडला, शेपूट राहिलीच.

मग कॉलमचं, म्हणजे साखळी जिच्यावर वाढते ती काच भरलेल्या नळीचं, लेबल नीट वाचलं: ५०० अँगस्ट्रॉम छिद्रांची सच्छिद्र काच! ती साधारण ५० बेसपर्यंत ठीक. साखळी वाढते ती बहुतेक छिद्रांच्या आत, आणि अरुंद छिद्रात तीच अभिकारकांची वाट अडवते. (काच द्रावकात फुगत नाही, हा तिचा मोठा गुण, पण म्हणूनच छिद्र ऐनवेळी रुंदावतही नाही.)

१००० अँगस्ट्रॉमची काच घेतली. तिच्यावर साखळ्या धरायला दर ग्रॅमला जागा कमी, त्यामुळे धास्ती होती. पण पूर्ण लांबीचा माल उलट वाढला. हिशेबच तसा आहे: प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तर ८९ जोडण्यांनंतर सुमारे ४१ टक्के उरतं, ९८ टक्के झाली तर जेमतेम १७. आता कॉलम लावण्याआधी छिद्राचा आकडा वहीत लिहितो.