पाऊस सरल्यावर छोट्या आमरींचं पाणी : ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा सल्ला

परतीचा पाऊस गेला की ऑक्टोबरचा उकाडा येतो आणि त्यामागून थंडी. घरी छोट्या जातींच्या आमरी, म्हणजे ऑर्किड, वाढवणाऱ्यांनी सर्वांत सावध राहायचं ते याच काळात. पावसाळ्यात कुजण्याची धास्ती असते, म्हणून रोज लक्ष असतं. पाऊस थांबला की सगळ्या कुंड्यांना एकाच झारीनं, एकाच दिवशी, सारखं पाणी सुरू होतं आणि तिथंच बिघडतं. काही जातींचं पाणी आता तोडायलाच हवं आणि काहींना फार दिवसांची तहान सोसत नाही. कोणती जात कुठल्या गटातली, हे फुलावरून नव्हे, खोडावरून ओळखावं.

बुडाशी फुगीर खोडं, म्हणजे बाजारभाषेत ‘बल्ब’, असलेल्या डेंड्रोबियम वर्गातल्या बऱ्याच आमरींना हिवाळ्यात विश्रांती लागते. डेंड्रोबियम लिंडलेयी (रोपवाटिकांत अजून ‘अॅग्रिगेटम’ या जुन्या नावानं मिळतं) आणि त्याहून चिमुकलं जेन्किन्सी, ही दोन घरासाठी मला सर्वांत भरवशाची वाटतात. दोन्ही ईशान्य भारतापासून म्यानमार-थायलंडपर्यंतच्या जंगलांतली. तिथं पावसाळ्यात धो-धो पाणी आणि हिवाळा कोरडा. तेच चक्र घरी द्यावं. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत न्यावं आणि डिसेंबर-जानेवारीत दोन आठवड्यांतून एकदा सकाळी हलका शिडकावा पुरे. बल्बवर उभ्या सुरकुत्या पडतात. अशा वेळी जीव राहत नाही आणि हात झारीकडे जातो, पण थांबावं. साठवलेलं पाणी झाड वापरतंय, एवढाच त्याचा अर्थ. बल्ब दाबून पाहावा. सुरकुतलेला पण घट्ट असेल तर ठीक. तपकिरी होऊन मऊ लागला आणि दाबल्यावर पाणी सुटलं, तर ती कूज. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांचे दांडे स्पष्ट दिसू लागले की पाणी हळूहळू वाढवावं. हिवाळाभर भरपूर पाणी मिळालेलं झाड हिरवंगार दिसतं, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी सोनेरी फुलांचे घोस त्याला लागत नाहीत.

आपल्या सह्याद्रीतल्या जातींचाही हाच स्वभाव. डेंड्रोबियम बार्बाट्युलमची पानं पावसाळ्यानंतर गळतात आणि उघड्या काड्यांवरच पुढं पांढरी फुलं येतात. झाड मेलं समजून या काड्या टाकून देऊ नयेत. पॉरपॅक्स रेटिक्युलाटाचे बल्ब शर्टाच्या बटणासारखे चपटे, वर जाळीदार आवरण. उन्हाळाभर ते सालीला चिकटून निपचित पडलेले असतात आणि पहिल्या पावसात लालसर फूल काढतात. असं झाड रोपवाटिकेत वाढवलेलं मिळालं असेल, तर हिवाळ्यात त्याला जवळपास विसरून जावं.

दुसरा गट बल्ब नसलेल्यांचा. फिलिपाइन्स-तैवानची फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस, तैवानची हाराएला, जेमतेम बोटभर उंचीची शोएनॉर्किस फ्रॅग्रन्स. यांचा साठा जाड पानांत आणि मुळांत, तोही थोडाच. म्हणून पाण्याची वेळ मुळाला विचारावी. कोरडं मूळ चंदेरी-राखाडी दिसतं. त्यावर पाणी पडलं की बघता बघता ते हिरवं होत जातं, कारण बाहेरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषून पारदर्शक होतं आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. पहिल्यांदा पाणी दिल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा द्यावं, म्हणजे मूळ पुरतं भिजतं. मुळं पुन्हा चंदेरी झाली की पुढचं पाणी. पाणी सकाळीच द्यावं आणि पानांच्या बेचक्यात साचलेलं टिपकागदानं टिपून घ्यावं. थंड रात्री तिथं राहिलेल्या थेंबातून शेंड्याची कूज सुरू होते, आणि एकाच शेंड्यानं वाढणाऱ्या झाडाचा शेंडा गेला की त्याचं वाचणं अवघड.

या गटाला एक अपवाद आहे. जपानची निओफिनेशिया फाल्काटा, जिला एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) तिथल्या सरदार घराण्यांनी मोठ्या हौसेनं जोपासलं, तिला बल्ब नाहीत, तरी हिवाळ्यात ती थंडी आणि कमी पाणी दोन्ही सोसते. तिची मुळं दोन-चार दिवस कोरडी राहिली तरी चालतात. मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) उंचवट्यावर बसवलेली असेल तर मॉस आतून वाळल्याशिवाय पाणी देऊ नये.

छोट्या जाती लाकडाच्या सालीवर बांधलेल्या सुंदर दिसतात, पण ते कोकण-गोव्याच्या दमट हवेत. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या बाजूला हिवाळ्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की सकाळी भिजवलेली साल दुपारपर्यंत खडखडीत वाळते. तिथं मी दोन-अडीच इंची मातीच्या कुंडीच्याच बाजूनं आहे. खाली विटांचे बारीक तुकडे, वर लोणारी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे काप. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावं, म्हणजे क्षार आणि तपकिरी रंग निघून जातो. कुंड्या एकत्र मांडून खाली पाण्याचा ट्रे ठेवावा, कुंडीचं बूड मात्र पाण्याला लागू देऊ नये.

उन्हाची दिशा आता बदललेली असते, हे बरेचदा ध्यानात येत नाही. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेच्या गॅलरीत छताची सावली मिळते. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि दुपारचं ऊन थेट आतपर्यंत येतं. ज्या जागी झाड चार महिने सुखात होतं, तिथंच आठवडाभरात पानांवर फिकट, वाळके डाग पडतात. ऑक्टोबरमध्येच 50 टक्क्यांची शेडनेट लावावी. फॅलेनॉप्सिसला 75 टक्के सावली हवी. रात्रीचं तापमान 15 अंशांखाली गेलं की फॅलेनॉप्सिस घरात घ्यावी. लिंडलेयीला 10 अंश सहज चालतात. निफाडसारख्या भागात पारा 5-6 अंशांवर उतरतो तेव्हा मात्र सगळ्यांनाच आडोसा द्यावा.

बोअरचं जड पाणी वापरत असाल तर मुळांवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसेल. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी अजिबात नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. बल्ब नसलेल्या जातींना 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) अर्धा ग्रॅम प्रति लिटर, पंधरा दिवसांतून एकदा. विश्रांतीतल्या डेंड्रोबियमला खत पूर्ण बंद, नवे कोंब फुटून त्यांना मुळं सुटेपर्यंत.

ऑक्टोबरच्या कोरड्या उकाड्यात लाल कोळी वाढतो. पानाची खालची बाजू भिंगानं पाहावी. चंदेरी ठिपके आणि बारीक जाळं दिसलं तर सकाळी पाण्याच्या फवाऱ्यानं खालची बाजू धुऊन काढावी आणि दर तीन-चार दिवसांनी पुन्हा धुवावी. कुजलेला भाग आचेवर तापवून गार केलेल्या ब्लेडनं निरोगी भागापर्यंत कापावा आणि कापावर दालचिनीची पूड लावावी. मुळांवर ती पडू देऊ नये, मुळं वाळतात. द्राक्ष किंवा सुपारीच्या बागेतलं उरलेलं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) आमरींवर मारू नका. त्यातल्या तांब्यानं डेंड्रोबियमला इजा होते.

आंबा बागायतदारांसाठी एक कळकळीची विनंती. बांडगुळं काढताना कामगार फांद्यांवरच्या आमरीही खरवडून टाकतात. बांडगूळ लाकडात घुसून झाडाचा रस ओढतं, ते कापायलाच हवं. आमरीची मुळं सालीवर नुसती चिकटलेली असतात, झाडाचं काही घेत नाहीत. सीतेची वेणी तर ओळखू येण्याजोगी आहे : पट्ट्यासारखी जाड पानं दोन ओळींत आणि खाली लोंबणारी जाड पांढुरकी मुळं. ती तशीच राहू द्यावी. फांदी तोडावीच लागली तर आमर मुळांसकट सोडवून शेजारच्या झाडाला सुतळीनं बांधावी.

घाटरस्त्यांवर पिशवीत भरून विकायला ठेवलेल्या आमरी घेऊ नयेत. त्या जंगलातून ओरबाडलेल्या असतात. आमरीचं बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नसाठाच नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रानात रुजतं, आणि फुलावर यायला पुढं अनेक वर्षं जातात. प्रयोगशाळेत साखर घातलेल्या आगरवर (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीवर) बुरशीशिवाय बी रुजवण्याची पद्धत अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी 1922 मध्ये दाखवून दिली, तेव्हापासून बाटलीत वाढवलेली रोपं मिळू लागली. तीच घ्यावीत. परदेशातून मागवायची तर सगळ्याच आमरी साइट्स (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, परवान्याची कागदपत्रं विक्रेत्याकडून आधी पाहावीत. मासदेवालिया, ड्रॅक्युला या अँडीज पर्वतातल्या जाती फोटोत कितीही मोहक दिसल्या तरी आपल्या मैदानी उन्हाळ्यात तगत नाहीत. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. बाटलीतली रोपं बाहेर काढण्याचं काम थंडी ओसरेपर्यंत लांबवावं. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री उबदार झाल्या की ती मुळं धरतात.