फ्लॅपिंग विंगचं, म्हणजे पंख मारत उडणाऱ्या छोट्या यंत्राचं, मॉडेल करताय? सरासरी कुठल्या पायरीवर काढताय ते आधी बघा

एमटेकला मी हाच विषय घेतला आणि पहिले पाच महिने एकाच चुकीत गेले, म्हणून लिहितोय. क्वासी-स्टेडी मॉडेल (पंखावरचा फोर्स त्या क्षणाच्या वेगावरून आणि कोनावरून काढणं), सिक्स डीओएफ (बॉडीच्या सरकण्या-फिरण्याची सहा समीकरणं) वगैरे तुम्हाला येत असेलच. डिकिन्सन, लेहमन आणि संजय साने यांचा १९९९ चा पेपर, तेलात पंख हलवून फोर्स मोजलेला, तो मात्र वही-पेन घेऊन स्वतः वाचा.

आता माझी चूक. रोबोबी हा माशीएवढा रोबो सेकंदाला १२० वेळा पंख मारतो, बॉडी त्यामानाने हळू हलते, मग एका विंगबीटची (पंखाच्या एका पूर्ण फेरीची) सरासरी फोर्स घ्यायची हे बरोबरच आहे. पण मी बॉडी स्थिर धरून सरासरी काढली आणि तो आकडा सरळ बॉडीच्या समीकरणात टाकला. स्थिर असताना पुढच्या आणि मागच्या स्ट्रोकचा ड्रॅग (हवेचा विरोध) एकमेकांना खातो, बेरीज शून्य. पण ड्रॅग वेगाच्या वर्गाने वाढतो. समजा पंखाचा वेग ५ आणि बॉडी ०.५ ने पुढे चाललीय, तर पुढच्या स्ट्रोकला ५.५ चा वर्ग म्हणजे ३०.२५, मागच्याला ४.५ चा वर्ग म्हणजे २०.२५, आणि हा १० चा फरक बॉडीला मागे ओढतो. हेच तर डॅम्पिंग, म्हणजे हालचाल आपोआप मंदावणं! माझ्या मॉडेलमध्ये ते नव्हतंच आणि मी येडा आपला महिनोन्महिने कंट्रोलरचे गेन (आकडे) ट्यून करत बसलो. बॉडीचा वेग आणि फिरणं आधी पंखाच्या वेगात मिळवा, मग सरासरी काढा. आधी मिळवा, मग सरासरी.

सीनियरकडून तयार सिम्युलिंक (सिम्युलेशन सॉफ्टवेअर) फाइल घेऊ नका. मी घेतली होती, चूक तिच्यातच होती, आणि गाइडना दर आठवड्याला फक्त ग्राफ दाखवले तर त्यांनाही ती दिसत नाही, समीकरणं दाखवा.

डेलफ्लाय निंबल या पंख मारणाऱ्या रोबोसारखं २९ ग्रॅमचं मशीन असेल तर पंख सेकंदाला १७ वेळांच्या आसपास, तिथे सरासरीवर डोळे झाकून विश्वास नको, पूर्ण विंगबीटचं सिम्युलेशन शेजारी चालवाच.

आणि हॉवरमध्ये (एका जागी तरंगताना) मॉडेल उलटतंय म्हणून खचू नका, मी रात्र रात्र जागलोय त्यापायी. पंख सेंटर ऑफ मासच्या वर असले की तोच ड्रॅग पिच मोमेंट (नाक वर-खाली फिरवणारा जोर) देतो, कंट्रोलशिवाय ते उलटणारच. आधी रोटेशन लॉक करून थोडा वेग द्या, तो आपोआप कमी व्हायला हवा. मग पिच मोकळा सोडा, हेलकावे वाढत जाऊन उलटलं तर समीकरणांतली बहुतेक साइन (अधिक-उणे चिन्हं) बरोबर आहेत, आता कंट्रोलरला हात लावा.