यादी खालून भरायला घ्या: बारावीनंतर आर्ट्सला जाणाऱ्यांची तयारी

माझ्या भाचीला बारावीनंतर इतिहास करायचाय. मागच्या रविवारी ती वहीचं शेवटचं पान घेऊन आली, त्यावर नऊ कॉलेजं, नऊच्या नऊ दिल्लीतली. म्हटलं बाई गं, ही यादी नाही, हा नवस आहे. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांत सीयूईटीच्या (केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या) मार्कांवर प्रवेश मिळतो, म्हणजे नावं नऊ दिसली तरी परीक्षा एकच, त्या दिवशी ताप आला की नऊही गेली. म्हणून पहिलं काम, प्रत्येक नावापुढे लिहायचं की इथं कशावर घेतात: बारावीचे मार्क, सीयूईटी की स्वतःची परीक्षा न् इंटरव्ह्यू. तिन्हीतलं एकेक तरी यादीत पाहिजे.

आणि यादी भरायची खालून वर. आधी हातचं कॉलेज, म्हणजे नक्की मिळेल असं. आपल्याकडे नाशकात हातचं म्हणजे एचपीटी नाहीतर केटीएचएम, आणि पोरं ती नावं अशी तोंड वाकडं करून लिहितात की जणू शिक्षाच झाली. एचपीटी १९२४ चं आहे, कुसुमाग्रज तिथेच शिकले, तेव्हा जरा दमानं घ्या. पण नाव मोठं म्हणून डोळे मिटून पण लिहू नका. कॉलेज नाशकातलं असो की बाहेरचं, ऑफिसच्या खिडकीत फी विचारून परत फिरायचं नाही, डिपार्टमेंटला जाऊन विचारायचं की इतिहास मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून खरंच चालतं का, शिकवायला कायमचे किती जण आहेत, तिसऱ्या वर्षाला आत्ता किती पोरं बसतात. माझ्या वेळी (कॉलेजचं नाव नको) स्पेशलला आम्ही चारच जणी निघालो, तर सांगितलं एवढ्यांसाठी तुकडी चालवता येत नाही, दुसरा विषय घ्या. प्रॉस्पेक्टसमध्ये मात्र तो विषय छापलेला होता! हातचं कॉलेज तेच, जिथे जायची वेळ आली तर आपण रडत जाणार नाही. तसं वाटत नसेल तर ते खोडा आणि दुसरं शोधा.

मधल्या रांगेत पुणे-मुंबई. फर्ग्युसन, एसपी, मुंबईत झेवियर्स. यातल्या ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेजांचं सगळं आपापलं असतं, फॉर्म वेगळा, तारखा वेगळ्या, आणि मुंबई युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांना आधी युनिव्हर्सिटीचं प्री-अॅडमिशन रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते राहिलं की कॉलेजचा फॉर्म अडकतो. मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघताना शेवटच्या राउंडचे बघा आणि आपल्या कॅटेगरीचे बघा, पहिल्या लिस्टचा आकडा बघून घरात सुतक पाळायची गरज नाही. हॉस्टेलचं आत्ताच विचारा. फी परवडते आणि रूमचं भाडं परवडत नाही असं बऱ्याच घरांत होतं. पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे पण थेट रेल्वेमार्ग नाही, ठक्कर बाजारहून एसटी, मुंबईला निदान पंचवटी एक्सप्रेस आहे. हे पण लिहून ठेवा, आई आजारी पडली की हेच कामाला येतं.

वरच्या रांगेत खुशाल दिल्ली लिहा, हैदराबाद सेंट्रल युनिव्हर्सिटीचा पाच वर्षांचा इंटिग्रेटेड एमए लिहा. फक्त सीयूईटीला बारावीला घेतलेलेच विषय घ्या, दिल्लीवाले ते जुळवून बघतात. प्रत्येक पेपर ६० मिनिटं, ५० प्रश्न, बरोबरला ५, चुकला की वजा १. पेपर मराठीतूनही देता येतो पण अभ्यासक्रम एनसीईआरटीचा, म्हणजे सीबीएसईवाल्यांच्या पुस्तकांचा, आणि आपल्या बोर्डाचं इतिहासाचं पुस्तक वेगळं, त्यामुळे बोर्डाची परीक्षा संपल्यावर बघू म्हणणाऱ्यांची मेमध्ये धावपळ होते. ती पुस्तकं मराठीत नाहीत, हिंदी नाहीतर इंग्रजीतली दिवाळीतच आणा.

अझीम प्रेमजी, अशोका, फ्लेम ही प्रायव्हेट मंडळी कुठल्या रांगेत, हा प्रश्न भाचीने विचारला. माझं उत्तर, दोनदा मोजा. एकदा मार्कांनी, एकदा पैशांनी. मार्कांनी मिळेल पण पैशांनी झेपणार नाही ते हातचं नव्हेच, ते वरच्याच रांगेत. अझीम प्रेमजीत आणि अशोकात घरच्या उत्पन्नावर फीमाफी मिळू शकते, म्हणून नुसता फीचा आकडा बघून खोडू नका, पण स्कॉलरशिपचा फॉर्म अॅडमिशनच्या फॉर्मसोबतच बघून ठेवा आणि पप्पांच्या उत्पन्नाचे कागद आत्ताच काढा.

कागदांवरून आठवलं. ओबीसीवाल्यांनी हे दोनदा वाचा. राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला दिल्लीला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि तो चालू आर्थिक वर्षाचा, म्हणजे १ एप्रिलनंतरचा. काही जाती राज्याच्या यादीत आहेत, केंद्राच्या नाहीत, आणि एसईबीसी (राज्याचं मराठा आरक्षण) तर केंद्रात नाहीच, तिथे ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटकांत) बसतो का ते बघायचं. आमच्या पुतण्याला एका सेतू केंद्रात विचारलं "सेंट्रलचा ना?", हा हो म्हणाला, हातात आला राज्याचाच, आणि ते आम्हाला कळलं अपलोड करताना, रात्री साडेअकराला. दाखला हातात आला की खिडकीतच उभं राहून वाचा, मागची रांग कुरकुरली तर कुरकुरू द्या.

निबंध मागणारी कॉलेजं असतील तर त्याला दोन महिने ठेवा. भाचीचा पहिला खर्डा "लहानपणापासून मला इतिहासाची आवड आहे" असा सुरू होत होता, तो मी फाडला (खरंच फाडला, ती दोन दिवस बोलली नाही). मग तिला पांडवलेणीला नेलं, तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, सातवाहन राजाची आई, पोराचे पराक्रम दगडात कोरून ठेवणारी. भाची बराच वेळ ती ब्राह्मी अक्षरं बघत उभी होती, मग म्हणाली मावशी, यात बाई स्वतःबद्दल किती बोलते आणि पोराबद्दल किती, मोजायला पाहिजे. म्हटलं हेच लिही. आता शिलालेखाचं भाषांतर शोधायला ती सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसते.

आत्ता यादीत सात नावं उरलीत, दिल्लीची तीन, हैदराबाद, अझीम प्रेमजी, फर्ग्युसन आणि सगळ्यात खाली एचपीटी, पेनाने लिहिलेलं फक्त तेवढंच, बाकी पेन्सिलीने. फॉर्मसाठी ईमेल तिचा स्वतःचा काढलाय, सायबर कॅफेवाल्याचा नाही, आणि पासवर्ड त्याच वहीच्या मागच्या पानावर आहे, जिथे आधी नवस होता.