आठ वर्षांच्या पोराला ढाल कशाला? लहान मुलांना फुटबॉल शिकवताना या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात बेळगावात आठ वर्षांखालच्या मुलांची एक स्पर्धा बघायला गेलो होतो. मैदान मोठ्यांचं, गोलपोस्ट मोठ्यांचे, दोन्हीकडे अकरा-अकरा पोरं. मी उजव्या बाजूच्या एकाच डिफेंडरवर नजर ठेवून बसलो. वीस मिनिटांत त्याच्या पायाला बॉल तीनदा लागला. तिन्ही वेळा त्यानं डोळे मिटून लांब हाणला आणि तिन्ही वेळा बाहेरून वडील ओरडले, "शाब्बास!" मॅच त्यांनी जिंकली, ढालीसोबत फोटोही झाला. त्या मुलाच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट पक्की बसली असणार: बॉल आला की आधी तो आपल्यापासून लांब घालवायचा.

रविवारी सकाळी लहान मुलांना शिकवताना ही सवय मोडायला मला दोन-दोन वर्षं लागली आहेत. म्हणून सांगतो, दहा-अकरा वर्षांपर्यंत मोजायचंच असेल तर मुलाच्या पायाला बॉल किती वेळा लागला ते मोजा.

मोठं मैदान, मोठा बॉल

दुकानात पाच नंबरचा बॉल सहज मिळतो, म्हणून तोच घरी येतो. त्याचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आपल्या तांबड्या चिखलात तो लोळला की आणखी जड. सहा वर्षांचं पोर तो चवड्यानं ढकलतं, कारण पायाच्या वरच्या भागानं मारला की दुखतं, आणि मग आपणच म्हणतो, "याची किक चुकते." आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा आणि पुढे बारापर्यंत चार नंबरचा बॉल घ्या. माझ्याकडे आलेल्या कित्येक मुलांची किक नुसता बॉल बदलल्यावर सुधारली.

मैदानही तसंच. पंचवीस-तीस पावलं लांब, पंधरा-वीस पावलं रुंद, चारास चार, गोलकीपर नाही. गोलपोस्ट म्हणून दोन विटा किंवा चपला पुरतात. सोळा पोरं असली तर शेजारी-शेजारी दोन मैदानं आखायची. रांगेत उभं करून एकेकाला शूट मारायला लावणं हा तर वेळेचा सरळ अपव्यय आहे. पोर आठ मिनिटं उभं राहतं आणि आठ सेकंद खेळतं. मैदानाला फेऱ्या मारायला लावणंही सोडा. दम वाढवायचा तर बॉलसकट पळू दे.

"सगळी पोरं बॉलमागेच धावतात, सर!"

पालकांची ही नेहमीची तक्रार. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी पोरं बॉलला लागतात, हे खरं. चूक होते ती यावरच्या उपायात. कोच ओरडतो, "आपल्या जागेवर उभा राहा!" मग मूल उभं राहतं आणि तिथंच कंटाळतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला बॉल दिसतो आणि आपण स्वतः दिसतो, तिसरा कोणी अजून दिसत नसतो. पास देण्याची खरी समज आठ-नऊच्या पुढे यायला लागते. तोवर खेळाडू कमी करा, तीनास तीन लावा. आणि प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन-दोन छोटे गोल मांडा.

पहिल्यांदा असे चार गोल मांडले तो दिवस मला अजून आठवतो. वडगावची सात वर्षांची एक मुलगी बॉल घेऊन गर्दीत शिरली. एरवी ती तशीच घुसली असती. त्या दिवशी तळव्याखाली बॉल दाबून थांबली, मान वर केली, रिकामा गोल बघितला आणि वळली. मी तिला एक शब्दही सांगितला नव्हता. मान वर करून बघणं ओरडून शिकवता येत नाही, तशी गरज खेळात निर्माण करावी लागते.

जागा आणि उंची

जाड्या पोराला गोलमध्ये आणि चपळ पोराला पुढे टाकलं की कोचचं काम सोपं होतं. पण नवव्या वर्षी गोलमध्ये उभं केलेलं पोर पंधराव्या वर्षी उंचीला कमी पडलं तर त्याला पायांनी काहीच येत नसतं. दर रविवारी जागा बदला, सगळ्यांना सगळीकडे खेळवा.

निवडीतही हेच. वयोगट १ जानेवारीपासून मोजला तर जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच गटात येतं. आठव्या वर्षी हा जवळजवळ एका वर्षाचा फरक म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा! थोराड पोर जिंकून देतं, म्हणून त्यालाच खेळवतात, आणि बारीक पोर बाकावर बसून बसून यायचंच बंद होतं. कितीतरी चांगले पाय आपण असे घालवले आहेत, आणि त्याचा मला राग येतो.

बाहेरून ओरडा

आपल्या भागात हा त्रास तिप्पट. आजोबा म्हणतात "हाण!", पलीकडून कोणी कन्नडमध्ये म्हणतं "पास कोडो!" (पास दे!), कोच म्हणतो "होल्ड!" तीन भाषांतले तीन हुकूम, आणि मधे गोंधळलेलं पोर. ते बॉल सोडून बाबांच्या तोंडाकडे बघायला लागलं की समजा, खेळ संपला. माझ्याकडे नियम आहे: टाळ्या कितीही वाजवा, सूचना एकही नाही.

परत जाताना गाडीवर "किती गोल घातलास?" हेही नको. "आज काय नवीन जमलं?" विचारा. हरून रडत असेल तर दहा मिनिटं रडू द्या. तेव्हा समजूत घालणं म्हणजे पुन्हा मॅचचाच विषय काढणं. पोटात काही गेलं की ते आपणच बोलतं.

टाच दुखते म्हणाला तर

"आळस करायलाय" असं म्हणू नका. साधारण आठ ते चौदा या वयात टाचेचं हाड अजून वाढत असतं. सतत धावण्या-उड्यांनी तिथं ओढ बसते आणि दुखतं. विश्रांती द्या, बर्फानं शेका, आणि लंगडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. लागोपाठ तीन दिवस मॅच खेळवणाऱ्या स्पर्धांनंतर अशी पोरं माझ्याकडे जास्त येतात. आणि या वयात हेडिंगचा, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचा, सराव नकोच. अमेरिकेत २०१५ सालीच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते बंद केलं.

मग स्पर्धा नकोच का?

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळल्यापासून निपाणीपासून खानापूरपर्यंत सहा वर्षांच्या मुलांचे पालकही विचारतात, "सर, याला कुठल्या स्पर्धेत घालू?" हौस मला कळते, पण हे उतावळ्या नवऱ्याचं गुडघ्याला बाशिंग आहे.

जत्रेतल्या कुस्त्या आठवा. लहान पोरं रेवड्यांवर आणि नारळावर लढतात. हरलेलंही रेवडी खात घरी जातं. इनामाच्या कुस्तीला वस्ताद पोर तयार झाल्यावरच सोडतो. नॉर्वेत अकरा वर्षांचं होईपर्यंत मुलांचे गुणतक्ते लावत नाहीत, आणि गोलांचा धडाका लावणारा एर्लिंग हालांड तिथूनच आला. जर्मनीनंही २०२४ पासून लहान वयोगटांत छोटे संघ, छोटी मैदानं आणि तक्त्याविना खेळ असंच ठरवलं. आपल्याकडे चार-पाच गावांची मुलं एका सकाळी जमवा. दहा-दहा मिनिटांचे सामने, सगळ्यांना सारखा वेळ, शेवटी सगळ्यांना सारखाच खाऊ. आम्ही हे करतो, आणि दुपारी पोरांना कोण जिंकलं ते आठवतही नसतं.

पावसाळ्यात मैदान तळं होतं तेव्हा सुट्टी देऊ नका. पडवीत भिंतीवर बॉल मारायचा: दहा उजव्या पायानं, दहा डाव्या. अनगोळच्या एका मुलाच्या घरी गेलो तेव्हा भिंतीवर चिखलाचे दोन डाग होते. उजव्या पायाचा गडद, डाव्याचा पुसट. ऑगस्टपर्यंत दोन्ही सारखे झाले. त्याच्या आईनं रंगकाम दिवाळीपर्यंत पुढे ढकललं आहे.