रब्बी ज्वारीवर प्रबंध करताय? आधी पाण्याचं बघा

एम.एस्सी.ला रब्बी ज्वारी मिळाली म्हणून हिरमुसलेले ज्युनिअर दरवर्षी भेटतात. ऊस नाहीतर डाळिंब हवं असतं. हिरमुसू नका. संशोधक शेतकऱ्याच्या कामी कधी येतो आणि कधी येत नाही, हे या पिकाइतकं लख्ख कुठंच दिसत नाही.

मालदांडी 35-1 ही मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेली, स्वातंत्र्यापूर्वीची जात. तिच्यानंतर जास्त धान्य देणारे कितीतरी वाण आले, तरी सोलापूर-मंगळवेढ्याकडे अजून मालदांडीच मागतात. याला शेतकऱ्याचा हट्ट म्हणणाऱ्या मार्गदर्शकापासून लांब राहा. शेतकऱ्याला चमकदार दाणा, भाकरीची चव आणि गुरांना कडबा, तिन्ही एकाच रानातून हवं असतं. आपण मात्र हेक्टरी क्विंटलवर निकाल लावतो आणि कडब्याचा तक्ता परिशिष्टात ढकलतो.

आता मी ज्यात अडकले ते सांगते, नीट वाचा. तुमचा विषय कोरडवाहू. परतीचा पाऊस दगा देतो, पीक पोटरीत येतं, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात फुगतं, आणि पानं सुकायला लागतात. तेव्हा कुणीतरी म्हणतंच, ‘एक पाणी दे, नाहीतर वर्ष जाईल.’ पाणी दिलं की प्लॉट हिरवागार होतो, आकडे देखणे येतात, सीडीही (वाणांतला फरक खरा मानायला लागणारा किमान आकडा) छान निघते. पण दाणे भरताना जमिनीत ओल नसेल तेव्हाच खडखड्या रोग जोर धरतो, ताटं बुडातून पोकळ होऊन लोळतात. तुमच्या प्लॉटला तो ताण पडलाच नाही, म्हणजे कुठला वाण तग धरतो हे तुम्ही तपासलंच नाही. तोच वाण पुढं शेतकऱ्याच्या कोरड्या रानात जातो आणि आडवा होतो. नुकसान त्याचं होतं, पदवी आपल्याला मिळते. मला हे फार उशिरा कळलं आणि अजून सलतं.

पाणी देऊच नका असं नाही. पेरणीनंतर 50 ते 55 दिवसांनी, पोटरीत, एक संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाचवण्यापुरतं पाणी, ही शिफारसच आहे. पण मग ती वेगळी ट्रीटमेंट म्हणून आराखड्यात पहिल्यापासून लिहा. मध्येच दिलेलं पाणी प्रबंधात लपवू नका, त्यापेक्षा करपलेल्या प्लॉटची नोंद द्या. करपलेला प्लॉटही माहिती देतो, नापास कुणी करत नाही. माझ्या डोळ्यांदेखत अशांना पदव्या मिळाल्या आहेत.



राहुरीच्या कृषी विद्यापीठाने वाण जमिनीच्या खोलीनुसार सुचवले, हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, हे मला फार मोलाचं वाटतं. सगळ्यांसाठी एकच उत्तम वाण शोधण्यापेक्षा कुणाच्या रानात काय टिकेल हे विचारलं, की शेतकरी ऐकतो. म्हणून आखणी करण्याआधी खड्डा घेऊन मातीची खोली मोजा, मुरूम किती सेंटिमीटरवर लागतो ते वहीत लिहा. आणि मार्गदर्शक निवडताना एवढंच विचारा: काढणीच्या वेळी, फेब्रुवारीच्या उन्हात, सर स्वतः रानात येतात का?